भोंगाशेठ गप्प बसले

फळबाजारात त्यांना सगळे भोंगाशेठ म्हणत आणि त्यांना त्याचा राग नव्हता. उलट एखाद्या नव्या हमालाने चुकून खऱ्या नावाने हाक मारली, तर ते मागे वळून दुसऱ्याच कुणाला तरी शोधत. धंदा लिलावाचा. पहाटे गाड्या लागल्या, माल उतरला की आपल्या गाळ्यासमोर एक पेटी उलटी टाकून ते तिच्यावर चढत आणि बोली पुकारायला लागत. आवाज असा की पत्र्याच्या छपरावर बसलेली कबुतरं रोज नव्याने उडत. पलीकडच्या रांगेतला केळीवाला कपाळाला हात लावून म्हणायचा, "मी गिऱ्हाइकाला भाव सांगतो केळीचा आणि त्याला ऐकू येतो शेठच्या संत्र्यांचा. धंदा करायचा कसा माणसानं?"

रविवारी बाजार बंद असे. भोंगा बंद नसे. चर्चमध्ये गीताचा पहिला सूर लावायचा त्यांनी, सूचना सांगायच्या त्यांनी, उशिरा आलेल्यांना पुढच्या बाकावर हाकलायचं त्यांनी आणि मुख्य म्हणजे मंडळीची मोठी प्रार्थना करायची तीही त्यांनीच. प्रार्थना ते लिलाव पुकारल्यासारखीच करत, एका दमात, चढत्या पट्टीत. आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेले, नोकरी गेलेले, चर्चचं गळकं छप्पर, बाहेरचं तुंबलेलं गटार, काही म्हणून सुटत नसे. शेवटचा आमेन इतका दणदणीत पडे की झोपलेली तान्ही बाळं दचकून रडायला लागत आणि झोपलेली मोठी माणसं दचकून आमेन म्हणत.

माणूस मनाने फार चांगला. कुणाकडे मयत झाली की खुर्च्या आणायला हे पुढे. कुणी दवाखान्यात असलं की पिशवीभर फळं घेऊन हे हजर. दुपारी बाजार आटोपून घरी आले तरी पाय टिकत नसत. समितीची सभा, गायकांची तालीम, भेटीगाठी. ताटावर बसल्यावर तोंडात घास आणि कानाला फोन.

घरात आता दोघंच, ते आणि बायको. मुलगी लग्न होऊन परगावी गेलेली. बायको अबोल आहे असं ते सगळ्यांना कौतुकाने सांगत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या बोलण्यात दुसऱ्याला शिरायला फट राहत नाही, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"अहो, घटकाभर बसा तरी," ती म्हणायची.

"बसायला काय झालं? देवाचं सहा दिवसांत उरकलं म्हणून तो सातव्या दिवशी बसला. माझं उरकलंय कुठे?" असं म्हणून ते चपला घालत.

तर अशा या माणसाचा आवाज एका सकाळी भर लिलावात गेला.

घसा आधीपासून धरला होता. महिना-दोन महिने ते खडीसाखर चघळून, गरम पाणी पिऊन वेळ मारून नेत होते. त्या दिवशी संत्र्यांची बोली रंगात आली होती. दोन व्यापारी इरेला पेटले होते. भोंगाशेठनी छाती भरून श्वास घेतला, हात उंचावला, तोंड उघडलं आणि आतून सायकलच्या चाकातली हवा जावी तसा नुसता फुस्स आवाज आला. व्यापाऱ्यांना वाटलं, शेठ गंमत करतायत. ते हसले. शेठनी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा फुस्स. मग मात्र कुणी हसलं नाही. तागडीजवळ उभा असलेला त्यांचा मेहुणा धावत आला आणि त्यांना हाताला धरून पेटीवरून खाली उतरवलं.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घालून आत पाहिलं. मग पडद्यावर त्यांना त्यांचाच गळा दाखवला. स्वरतंतूंवर दोन बारक्या गाठी होत्या, समोरासमोर, चपलेने पायाला घासून घासून घट्टे पडावेत तशा.

"घाबरू नका, साध्या आहेत," बाई म्हणाल्या. "ओरडून ओरडून झाल्यात. महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं आणखी ताण पडतो. बहुतेक वेळा एवढ्यानं उतरतं. नाही उतरलं तर पुढचं पुढे बघू."

भोंगाशेठनी उरल्यासुरल्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "आणि प्रार्थना?"

"मनात करा."

"मनातली ऐकू जाते?"

बाईंनी हसू दाबलं. "ते तुमच्या पाळकसाहेबांना विचारा. माझं खातं गळ्यापुरतंच आहे. आणि हे तुमचं शेवटचं वाक्य."

घरी आल्यावर बायकोने मुलीची जुनी पाटी माळ्यावरून काढली, पुसली आणि खडूसकट त्यांच्या हातात दिली. पण पाटीवर लिहायला वेळ लागतो आणि भोंगाशेठना वेळ लागणारं काही चालत नसे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवी युक्ती काढली. चहा हवा की चमच्याने ताट वाजवायचं. पेपर हवा, वाजवा ताट. दार वाजतंय ते उघड, वाजवा ताट. दुपारपर्यंत बायकोने ऐकून घेतलं. मग शांतपणे ताट उचललं, कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली.

"तुमच्या गळ्याला विश्रांती सांगितलीय," ती म्हणाली, "आणि माझ्या कानांना."

भोंगाशेठ आ वासून तिच्याकडे बघत राहिले. ही असं बोलते?

लिलाव मेहुण्याकडे आला होता. त्याचा स्वभाव भिडस्त, आवाज मऊ. वजन करणं आणि माल नीट लावणं, एवढंच तो आजवर करत आलेला. आपल्याशिवाय गाळा बुडणार याबद्दल भोंगाशेठना तिळमात्र शंका नव्हती. म्हणून तिसऱ्या दिवशी ते पहाटेच बाजारात जाऊन उभे राहिले. मेहुणा पेटीवर चढला आणि खरोखरच साध्या बोलण्याच्या आवाजात नासपतीची बोली सांगू लागला. भोंगाशेठच्या जिवाची तगमग झाली. गर्दीच्या मागून त्यांनी हात उंचावून खूण केली, की आवाज चढव. मेहुण्याने मान डोलावली आणि भाव चढवला. त्यांनी चिडून दोन्ही हात वर केले. भाव आणखी चढला. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, पण तोवर सौदा झाला होता.

"दाजी, माल तुमचा," मेहुणा ओशाळून म्हणाला. "लिलावात हात वर केला की बोलीच धरतात. तुम्हीच शिकवलंय."

अख्खा बाजार हसला. केळीवाला तर पोट धरून खाली बसला. आपल्याच गाळ्यावर आपल्याच हातांनी महाग घेतलेल्या कच्च्या नासपती हातगाडीवर घालून भोंगाशेठ घरी आले.

ते मात्र त्यांना फारसं लागलं नाही, चारचौघांत फजिती व्हायची त्यांना सवय होती. लागलं ते वेगळंच. निघताना त्यांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा व्यापारी मेहुण्याभोवती जवळ जवळ सरकून उभे होते. आवाज मऊ होता म्हणून सगळे गप्प राहून कान देत होते. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. माल भराभर जात होता. छपरावरची कबुतरं जागची हलली नव्हती.

त्या दिवशी जेवणाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. बायकोने विचारलं तेव्हा पाटीवर लिहिलं, 'माझ्यावाचून चाललंय.'

तिने वाचलं. "मग चांगलंच की. तुमच्यावाचून अडलं असतं तर तुम्हाला आजारी पडायचीसुद्धा सोय नव्हती."

भांडी आवरून ती मागच्या दारी गेली. तिथे तीन पायऱ्या होत्या आणि खाली टीचभर अंगण. वाळत घातलेल्या कपड्यांची सावली पायऱ्यांवर पडायची. रोज दुपारी ती तिथे बसते हे भोंगाशेठना ऐकून माहीत होतं. ऐकून, कारण त्या वेळी ते कधी घरात नसत. जेवण झाल्यावर डुलकी काढत असेल, असा त्यांचा समज. आज करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून ते पाटी घेऊन तिच्यामागे गेले आणि वरच्या पायरीवर टेकले. ती डुलकी काढत नव्हती. हात मांडीवर ठेवून अंगणाकडे बघत बसली होती.

'काय करतेस?' त्यांनी लिहिलं.

"प्रभूजवळ बसते."

'प्रार्थना?'

"असंच काहीतरी. सकाळपासून काय काय झालं ते एकेक करून आठवते. कुठे बरं वाटलं, कुठे चिडले, कुणाला तोडून बोलले. ते त्याला दाखवते. मग सांगण्यासारखं संपतं. संपलं तरी लगेच उठत नाही."

'मग?'

"मग काही नाही. तेवढाच वेळ मला माझ्यासारखं वाटतं." तिने पायरीवरचं वाळकं पान उचललं. "दिवसभर मी कुणाची तरी कोण तरी असते ना. तुमची बायको, तिची आई, समितीतल्या भाऊंच्या घरच्या वहिनी. इथे बसले की नुसती मी."

हे वाक्य एवढं लांब होतं, की भोंगाशेठनी सवयीने मध्ये बोलायला तोंड उघडलं होतं. आवाज नव्हता म्हणून ते मिटलं. आणि मध्ये कुणी बोललं नाही म्हणून तिचं बोलणं पुढे गेलं. मुलगी सासरी गेली तेव्हा याच पायऱ्यांवर ती किती रडली होती, शेजारणीशी झालेलं भांडण कसं मिटलं, उपासनेत एक गीत लागलं की तिला अजून कसा हुंदका येतो. भोंगाशेठ ऐकत होते. यातलं अर्धंअधिक ते पहिल्यांदाच ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून पायरीवर जाऊन बसले. डोळे मिटले. मनात प्रार्थना सुरू केली तर तिथेही लिलाव. गळकं छप्पर, गटार, आजारी लोक, संत्री, मेहुणा, नासपती. सगळं एकमेकांवर चढून ओरडत होतं. बाहेरचा भोंगा बंद केला होता, आतला कुणी बंद करायचा? थोड्या वेळाने त्यांचं डोकं भिंतीला टेकलं आणि ते घोरायला लागले.

जाग आली तेव्हा फार शरम वाटली. 'झोपलो,' त्यांनी लिहिलं.

"थकला होतात," बायको वाळलेले कपडे काढत म्हणाली. "लेकरू बापाच्या जवळ बसल्या बसल्या झोपलं, तर बाप काय रागावतो?"

ते रोज बसत राहिले. चार दिवस झोप, मग अर्धी झोप, मग एके दिवशी लख्ख जाग. आतला गलका एकदम थांबला असं नाही, पण गिऱ्हाईक पांगावं तसा हळूहळू पांगत गेला. मग कधी नाही ते बारीकसारीक दिसू लागलं. आवाज जायच्या आधी एका हमालावर आपण उगाच डाफरलो होतो. मुलीचा फोन आला की आपणच बोलतो आणि आपणच ठेवतो. कुणी बोट दाखवत नव्हतं, पण दिसत होतं आणि दिसलं तरी भीती वाटत नव्हती. कुणीतरी दिवा धरून शेजारी उभं असल्यासारखं वाटायचं. त्या संध्याकाळी ते बाजाराकडे गेले, त्या हमालाशेजारी बाकावर बसले, खुणेने त्याला चहा सांगितला आणि पाटीवर 'चुकलो' लिहिलं. हमालाने पाटी वाचली, लाजला आणि म्हणाला, "जाऊ द्या शेठ, तुमचं ओरडणं आम्ही मोजत नाही."

महिन्याची भेटीगाठींची पाळी आली. त्यात शाळेतल्या बाईंचं घर होतं. बाईंनी लहानपणी भोंगाशेठना शिकवलं होतं आणि आता पायांतली ताकद गेल्याने त्या पलंगावरच असायच्या. दर महिन्याला ते जात, बाईंच्या पायांसाठी दणक्यात प्रार्थना करत, फळं ठेवत आणि पुढच्या घरी पळत. या वेळी काय करायचं? पाटीवर प्रार्थना लिहिता येईना. ते जाऊन नुसते खुर्चीवर बसले.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आवाज गेला म्हणे तुझा. शाळेत असताना जायला हवा होता, माझा वाचला असता."

भोंगाशेठ हसले.

"आता सापडलास माझ्या तावडीत. पळायची घाई करू नकोस." बाईंनी उशी सारखी केली. "दर महिन्याला माझ्या पायांसाठी इतका ओरडतोस, देवाला काय ते दिसत नाहीत? पायांचं मी केव्हाच सोडून दिलंय रे. मला त्याचं काही नाही. मला त्रास आहे तो या भिंतीचा."

त्यांनी भुवया उंचावल्या.

"पलंग असा लावलाय की दिवसभर समोर ही भिंत. मागे खिडकी आहे. शाळा सुटली की पोरं याच रस्त्यानं जातात. आवाज येतो, दिसत एक नाही. जन्म गेला पोरांत. एकदा बघायला मिळाली असती."

'आधी का नाही सांगितलंत?' त्यांनी लिहिलं.

"कुठे सांगू? तू आमेन म्हणेपर्यंत चपला घातलेल्या असायच्या."

भोंगाशेठ उठले. बाईंच्या भाचीला हाताशी घेतलं आणि बाईंसकट पलंग उचलून सरकवून खिडकीकडे फिरवला. घामाघूम झाले. मग परत खुर्चीवर बसले आणि दोघं शाळा सुटायची वाट बघत राहिली. घंटा झाली. दप्तरं आपटत, एकमेकांना ढकलत पोरं आली. बाई मान पुढे काढून बघत राहिल्या. एका पोराच्या बुटाची नाडी सुटली होती तेवढं त्यांनी खिडकीतून ओरडून सांगितलं. मग त्या भोंगाशेठकडे वळल्या. "झाली बघ तुझी प्रार्थना. आता जा."

एका दुपारी पाळकसाहेब विचारपूस करायला आले. अंगाने बारीक, सतत घड्याळ बघणारा माणूस. एका लग्नाहून येत होते आणि एका बैठकीला जायचं होतं. बायकोने त्यांना मागच्या दारीच बसवलं. भोंगाशेठ बोलू शकत नव्हते आणि पाळकसाहेबांचंही ठरलेलं बोलणं चटकन संपलं. मग तेही कपड्यांच्या सावलीत बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "भाऊ, एक सांगू? आज कितीतरी दिवसांनी मी अशा जागी बसलोय, जिथे माझ्याकडून कुणाला काही नकोय." त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. बैठक त्या दिवशी त्यांच्यावाचून झाली आणि चांगली झाली, असं नंतर कळलं.

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली. गाठी जवळजवळ विरल्या होत्या.

"बोला काहीतरी."

भोंगाशेठना काय बोलावं सुचेना. शेवटी ते म्हणाले, "बरं आहे." आवाज खालच्या पट्टीतला, किंचित खरखरीत, पण आवाज होता. बाईंनी बजावलं, की यापुढे हा आवाज जपूनच वापरायचा. ओरडणं कायमचं बंद.

पूर्वी हे ऐकून त्यांच्या पायांखालची जमीन सरकली असती. आता त्यांनी मेहुण्याला बोलावून सरळ सांगितलं, "बोली तू पुकार. मी वजन बघतो."

"दाजी, तुम्ही आणि तागडीवर?"

"का, मला आकडे वाचता येत नाहीत?"

मेहुणा गालातल्या गालात हसला. केळीवाल्याने त्या आनंदात सगळ्या गाळ्यांवर केळी वाटली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मोठ्या प्रार्थनेसाठी त्यांनाच पुढे बोलावलं. मंडळीने सवयीने बाकावर नीट बूड टेकवलं, आता बराच वेळ आहे म्हणून. भोंगाशेठ उभे राहिले. हळू आवाजात त्यांनी गेलेल्या महिन्याबद्दल आभार मानले, आजाऱ्यांची नावं घेतली. मग म्हणाले, "प्रभू, आता तुझ्यापुढे थोडं गप्प बसतो," आणि खरंच गप्प झाले.

बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली ती सगळ्यांना ऐकू आली. कुणीतरी खोकलं. एका बाळाने काहीतरी विचारलं आणि आईने त्याला जवळ घेतलं. शांतता वाढत चालली तशी मागच्या बाकावरची माणसं एक डोळा उघडून बघू लागली. शेवटी एका आजोबांना राहवलं नाही. ते उठून ओरडले, "अरे, पाणी आणा, भाऊंना परत झालं!"

मग काय, हशा पिकला. पाळकसाहेब हसले, भोंगाशेठची बायको पदर तोंडाला लावून हसली आणि भोंगाशेठ इतके हसले, की आमेन त्यांना नीट म्हणताच आला नाही. पण उपासना सुटल्यावर दोन-तीन जणांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की ते मधलं बरं वाटलं, पुढच्या वेळी थोडं लांबलं तरी चालेल.

समितीला ही कल्पना इतकी आवडली, की तिने लगेच विश्रांती शिबिर भरवायचं ठरवलं. दिवसभराचं, मंडप, ध्वनिक्षेपक, पाच वक्ते, आणि व्यवस्था बघायला अर्थात भोंगाशेठ.

"मला जमायचं नाही," ते म्हणाले.

"का? तब्येत?"

"तब्येत ठणठणीत आहे. पण तुमच्या विश्रांतीची व्यवस्था करता करता माझी जाईल."

शिबिर पुढे ढकललं गेलं ते गेलंच. मेहुण्याने आणि भोंगाशेठनी गाळ्यावरची कामं नीट वाटून घेतली. माल उठला की भोंगाशेठ घरी येत, जेवत आणि मागच्या दारी बसत. मुलीचा फोन आला की "तू सांग" म्हणत आणि तिने सांगेपर्यंत थांबत. आवाज परत आला तरी बायकोचं बोलणं काही परत गेलं नाही. दोघांत आता खरीखुरी भांडणंही व्हायला लागली आणि त्यातली बरीचशी तीच जिंकायची.

परवाच्या दुपारची गोष्ट. एक व्यापारी धापा टाकत दारात आला. द्राक्षांची गाडी वाटेत बंद पडली होती आणि शेठना भेटल्याशिवाय त्याचं समाधान होत नव्हतं.

"माझ्या भावाला भेटलात का?" बायकोने विचारलं.

"भेटलो. त्यांनी दुसरी गाडी पाठवलीय."

"मग?"

"तरी पण. शेठ आहेत ना? काय करतायत?"

"बसलेत."

"कुणाबरोबर?"

तिने त्याला मागच्या दाराकडे नेलं. भोंगाशेठनी मान वळवून पाहिलं, हसले आणि पायरीवर सरकून जागा केली. व्यापारी अवघडून टेकला. वाळत घातलेली चादर वाऱ्याने हलत होती. त्याने एकदा फोन बघितला, मग रुमालाने मान पुसली, मग पाय लांब केले. बायकोने पाण्याचा तांब्या आणून दोघांच्या मध्ये ठेवला.

"घाई आहे का तुम्हाला?" तिने हळूच विचारलं.

व्यापाऱ्याने थोडा विचार केला.

"होती," तो म्हणाला आणि तांब्या उचलून सावकाश पाणी प्यायला.